पायाखालची जमीन कुणाची?

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. सोबत माझी भाची आणि जावई. भाचीने पिशवीतून शाळेची शंभर पानी वही काढली. मधल्या पानावर उभी रेघ मारलेली होती. डाव्या बाजूला लिहिले होते ‘फ्लॅट’ आणि उजव्या बाजूला ‘प्लॉट’. ती म्हणाली, “मामा, गाडी जयसिंगपूरला पोचेपर्यंत हे पान भरायचं. रात्री ठरवायचं आणि उद्या एकाला इसार द्यायचा. पुढं ढकलायचं न्हाई.”

वाचकहो, हे पान आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात उघडलेले आहे. गाव सुटले, शहरात नोकरी लागली, भाड्याच्या खोलीत दहा-बारा वर्षे गेली, पोरे मोठी झाली. आता स्वतःचे घर पाहिजे. शहरात फ्लॅट घ्यायचा, की शहराबाहेर दीड गुंठा घेऊन त्यावर आपले घर बांधायचे? भाचीने मला बोलावले ते याच्यासाठी. मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. कायद्याचा पंडित नाही. पण घराच्या बाबतीत एकदा चांगलाच पोळलो आहे, आणि पोळलेल्या माणसाला दोन गोष्टी जास्त कळतात. म्हणून हा एका दिवसाचा प्रवास तुमच्यापुढे मांडतो.

भाची सदर बाजारात दोन खोल्यांत भाड्याने राहते. ती शहरातल्या एका खासगी दवाखान्यात काम करते. जावई शिरोलीच्या एम.आय.डी.सी.मध्ये फाउंड्रीत मोल्डर आहे. दिवसभर वाळू, तापलेले लोखंड आणि धूर. बचत गट, फंड आणि भाचीचे चार दागिने मिळून त्यांच्याकडे सात लाख रुपये जमले आहेत. या सात लाखांमागे किती रात्रपाळ्या आहेत ते मी जाणतो. म्हणूनच मनात धास्ती होती. सल्ला चुकला तर पैसे माझे जाणार नव्हते, त्यांचे जाणार होते.

शनिवारी आम्ही फ्लॅट बघून आलो होतो. राजारामपुरीच्या पलीकडे एक वीस वर्षांची इमारत. बारा बिऱ्हाडे, तीन मजले, लिफ्ट नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक हॉल, स्वयंपाकघर आणि दोन माणसे उभी राहतील एवढी गॅलरी. चटई क्षेत्र ४१० चौरस फूट. किंमत १९ लाख. एजंटने पहिली गोष्ट सांगितली ती अशी की दरवाजा पूर्वेला आहे, सगळे वास्तुशास्त्राप्रमाणे आहे. दुसरी गोष्ट त्याने विचारली. “आडनाव काय म्हणालात?”

भाचीने आडनाव सांगितले. एजंट जरा घुटमळला. “मालकांना एकदा विचारून सांगतो,” म्हणाला. भाची शांतपणे म्हणाली, “विचारा की. आडनाव खरेदीखतात येणारच हाय. पण आधी सोसायटीची कागदं दाखवा.”

मला तिचा अभिमान वाटला. आम्ही तिच्या वयात होतो तेव्हा अशा प्रश्नावर मान खाली घालून निघून येत असू. पैसे रोख असूनही खोली मिळत नसे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे आणि त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे सबळ कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. एवढे एक वाक्य माहीत असले तरी माणूस ताठ उभा राहतो. पुढे त्या सोसायटीचे सचिव भेटले. निवृत्त गृहस्थ. त्यांनी आडनाव विचारले नाही. कपाटातून फाइल काढली, चहा मागवला आणि म्हणाले, “वाचा निवांत.” एकाच जिन्यावर दोन तऱ्हेची माणसे भेटतात, ती अशी.

गाडी आली. लोकांच्या तोंडी ती अजून पॅसेंजरच आहे. कोल्हापूर-मिरज हा फाटा १८९१ साली सुरू झाला. तेव्हापासून ही गाडी माणसांना कामाला नेते आणि संध्याकाळी घरी आणून सोडते. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, कॉलेजची पोरे, दवाखान्यात निघालेली म्हातारी, सगळे एका डब्यात. रविवार असल्यामुळे आम्हाला खिडकी मिळाली.

गूळ मार्केट मागे पडले आणि दोन्ही बाजूंनी नवी घरे दिसू लागली. कोल्हापूरची नगरपालिका जाऊन १९७२ साली महानगरपालिका झाली. त्यानंतर पन्नास वर्षे शहराची हद्द वाढली नाही. माणसे मात्र वाढत राहिली. ती मग हद्दीबाहेरच्या गावांत सांडली. उचगाव, उजळाईवाडी, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, कुठेही जा, उसाच्या फडाला लागून कॉलनी उभी आहे. नोकरी शहरात, मुक्काम ग्रामपंचायतीत. २०१७ साली शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण नेमले गेले. पण घरे आधी झाली आणि नियोजन मागून आले. रस्ता, गटार, पाणी यांचे भांडण त्यातूनच निघते.

वळिवडे स्टेशन आले. जावयाला म्हटले, “हे गाव नीट बघून घे.” दुसऱ्या महायुद्धात पोलंड देशातून उखडले गेलेले सुमारे पाच हजार लोक १९४३ ते १९४८ या काळात इथल्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुले. लांबलचक बराकी, त्यातच शाळा, दवाखाना, प्रार्थनाघर. ते गेले आणि फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक त्याच बराकींत आले. त्यांनी तिथे गांधीनगर वसवले. आज कोल्हापूर जिल्ह्यातले लग्नाचे कापड तिथूनच येते. घर म्हणजे काय ते उखडलेल्या माणसाला विचारावे. बराक मिळाली तरी तो दाराशी रोप लावतो.

जावई म्हणाला, “मामा, म्हणूनच मला जमीन पायजे. फ्लॅट म्हणजे हवेत टांगलेलं घर. भूकंप झाला, इमारत पडली, तर आपल्या हातात काय राहतंय? चार भिंती दुसऱ्याच्या डोक्यावर. प्लॉट असला की माती तरी आपली.”

त्याचे बोलणे खोटे नव्हते. त्याच्या वडिलांचे आयुष्य दुसऱ्याच्या बांधावरच्या झोपडीत गेले. पावसाळा आला की मालक म्हणे, यंदा दुसरीकडे बघा. ज्याच्या घरात तीन पिढ्या हे वाक्य ऐकले गेले, त्याला माती हवी असते. माझी आजी म्हणायची, पायाखालची माती आपली असली की माणसाचा आवाज बदलतो. आपल्या लोकांना जागेची ओढ आहे ती उगीच नाही. गावकुसाबाहेर राहिलेल्यांची ती भूक आहे. पण ही भूक आपल्यालाच माहीत आहे असे समजू नका. ती प्लॉट विकणाऱ्यालाही माहीत असते.

गाडी पंचगंगेच्या पुलावर आली. जावई खाली बघत गप्प झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि तो चार दिवस कारखान्यातच अडकला. इकडे भाची दोन पोरांना घेऊन सदर बाजारात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. कोल्हापुरात घर घेणाऱ्याने हे आकडे पाठ करावेत. पाटबंधारे खात्याने नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखलेली असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आतली जागा कुणी फुकट दिली तरी तिच्यावर घर बांधू नये. उन्हाळ्यात प्लॉट बघायला गेले की सगळीच जमीन कोरडी दिसते. म्हणून शेजारच्या म्हातारीला विचारावे, “मावशी, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?” ती भिंतीवर हात ठेवून दाखवते. तो खरा नकाशा.

भाचीने वहीत लिहिले, ‘पाणी कुठवर’. फ्लॅट आणि प्लॉट, दोन्ही रकान्यांत लिहिले.

रुकडी आले. इथून जवळच माणगाव. मार्च १९२० मध्ये तिथे परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या गाडीत आठवली ती तिच्या दोन वर्षे आधीची गोष्ट. १९१८ साली महाराजांनी आपल्या संस्थानात महार वतन रद्द केले आणि वतनी जमिनी रयतावा करून दिल्या. वतनाची जमीन नावाला आपली होती. पण तिच्या मोबदल्यात अख्ख्या गावाची राबणूक करावी लागे. म्हणजे जमीन हातात आणि गळ्यात दोरी. महाराजांनी दोरी सोडली आणि जमीन ठेवली. बाकीच्या मुंबई इलाख्यातल्या आपल्या लोकांना त्यासाठी १९५८ च्या कायद्याची वाट बघावी लागली, आणि तिथल्या पुष्कळ जमिनी नव्या शर्तीवर मिळाल्या. सातबाऱ्यावर त्या भोगवटादार वर्ग २ म्हणून लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. कुणी तुम्हाला अशी जमीन ‘आपल्याच माणसाची आहे’ म्हणून स्वस्तात देऊ लागला तर आधी परवानगीचा कागद मागा.

मी भाचीला म्हटले, “पोरी, या गोष्टीतून एवढंच घे. जमीन नावावर असणं वेगळं आणि ती मोकळी असणं वेगळं. दोन्ही असलं तरच घर.”

हातकणंगलेला उतरलो. स्टेशनाबाहेर प्लॉटवाल्यांचा माणूस मोटारसायकल घेऊन उभा होता. आम्ही मागून रिक्षाने गेलो. गावापासून दूर, उसाच्या दोन फडांमध्ये लाल मुरूम टाकलेली पट्टी. चुन्याने आखलेल्या रेघा. कमानीवर रंगीत बोर्ड, त्यावर बाग, पोरांचे झोके, कारंजे. प्रत्यक्षात एक लिंबाचे झाड आणि एक विजेचा खांब, त्याला तार नाही. गुंठ्याला सहा लाख. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दीड गुंठ्याचे नऊ लाख. “सात आत्ता द्या, दोन दिवाळीला. बँकेची भानगड नाही, हप्ता नाही. फक्त चार प्लॉट राहिलेत.”

जावई वाकला आणि त्याने मूठभर माती उचलली. काळी, कसदार माती. ती बोटांनी कुस्करत तो प्लॉटच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालून आला. “इथं हॉल,” म्हणाला, “इथं आईची खोली. मागं दोन शेळ्या बसतील.” भाची काही बोलली नाही. तिने त्या माणसाला विचारले, “स्टेशन चालत किती मिनिटं? शेवटची एस.टी. कितीला? नळ कधी येणार? पावसात हा मुरूम राहतोय काय?” तो हसला. “ताई, वर्षभरात सगळं होतंय.”

मी विचारले, “सातबारा?”

“आहे की, ऑफिसात. आपण नोटरी करून देतो. नोंद मागाहून होईल. सगळ्यांची तशीच झाली.”

ते शब्द ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. तीस वर्षांपूर्वी, १९९३ साली, अगदी हेच वाक्य मी ऐकले होते. जयसिंगपूरच्या बाहेर एक गुंठा मी असाच घेतला. स्टँप पेपर, दोन साक्षीदार, पेढे. फंडातून काढलेले सगळे पैसे दिले. तीन वर्षांनी पत्र्याची खोली बांधायला गेलो तर तिथे दुसऱ्याचा पाया काढलेला. विकणाऱ्याने तीच जागा दुसऱ्यालाही दिली होती. त्याच्याकडे रजिस्टर खरेदीखत, माझ्याकडे स्टँप पेपर. शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदवलीच पाहिजे, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. नोटरीचा शिक्का म्हणजे सही खरी असल्याची साक्ष. त्याने जमीन नावावर होत नाही. हे मला पैसे गेल्यावर कळले. दहा वर्षे हेलपाटे घातले. शेवटी पंचांनी बसवून शेजारचा तुकडा मिळाला, पण त्याचे पैसे पुन्हा मोजावे लागले. गुंठेवारी नियमित झाली तेव्हा शुल्क भरले आणि २००८ साली माझे नाव लागले. एका जागेसाठी दोनदा पैसे आणि पंधरा वर्षे. त्या काळात तुमच्या मामीने शिवणाची मशीन विकली होती. ही गोष्ट मी भाचीला कधी सांगितली नव्हती. लाज वाटायची. त्या चुन्याच्या रेघांवर उभा राहून मी ती सांगितली.

जावयाने खिशातून मोबाइल काढला. गट नंबर विचारला. त्या माणसाने आढेवेढे घेत सांगितला. महाभूलेखवर सातबारा आता घरबसल्या बघता येतो. उघडला तर जमीन शेतीची. मालक म्हणून अकरा नावे, भाऊ, बहिणी, वारस. ‘इतर हक्क’ या रकान्यात एका पतसंस्थेचा बोजा. म्हणजे आम्हाला विकणारा त्या अकरांपैकी एक, बाकी दहांच्या सह्या नाहीत, आणि कर्ज वेगळेच. जावयाने मोबाइल खिशात ठेवला. मुठीतली माती हळूच खाली सोडली आणि हात झटकले. त्या क्षणी त्याच्या तोंडाकडे माझ्याने बघवले नाही.

परत स्टेशनवर येताना त्याला समजावले. गुंठ्या-गुंठ्याने शेतजमीन विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने अटकाव केला. तरी लोक घेत राहिले, कारण गरिबाला परवडणारे दुसरे काही नव्हते. सरकारने २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ साली तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठ्यांना लागू केला, २०२५ साली तुकडेबंदीची अट सैल करण्याचे जाहीर केले. सवलत येते, नाही असे नाही. पण ती मागाहून येते, तिला अटी असतात, शुल्क असते, आणि तोवर बँक कर्ज देत नाही. उद्याच्या सवलतीवर आजचा पाया काढू नये.

पुढच्या गाडीने जयसिंगपूरला पोचलो. हे शहर शाहू महाराजांनी १९१७ साली आपले वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवले. आधी रस्ते आखले, मग माणसे बोलावली. म्हणून आजही गल्ल्या सरळ आहेत आणि त्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली. पत्ता सांगायला पेठ लागत नाही, वाडा लागत नाही. कुण्या जातीची आळी तेही सांगावे लागत नाही. नंबर सांगितला की रिक्षावाला दारात सोडतो. शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावे २००५, २०१९ आणि २०२१ ला पाण्यात गेली तेव्हा याच शहरात कित्येकांनी आसरा घेतला. शंभर वर्षांपूर्वी आखलेला सरळ रस्ता आजही उपयोगी पडतो. आणि आमच्या काळातल्या प्लॉटवाल्यांनी आखलेले रस्ते पहिल्या पावसातच वाहून गेले.

घरी मामीने पिठले-भाकरी केली होती. जेवणे झाल्यावर दारातल्या कडुनिंबाखाली चटई टाकली आणि भाचीने वही उघडली.

मामी घराच्या बाजूने बोलली. स्वतःच्या घराला महिन्याचा मेंटेनन्स नाही. पोराचे लग्न झाले की वर एक खोली चढवता येते. पुढच्या खोलीत किराणा किंवा शिलाईचे दुकान टाकता येते. पापड वाळवायला अंगण. म्हाताऱ्या माणसाला जिना नाही. घरी कार्यक्रम असला, धम्मबांधव जमले, तर शंभर माणूस मांडवात बसते. फ्लॅटमध्ये मयत झाले तर तिरडी जिन्यातून उतरवायला जागा नसते. तिचे एकूण एक बोलणे खरे होते.

मग भाची बोलली. तिने मायेचा हिशेब मांडला नाही, वेळेचा मांडला. “मामी, मी सकाळी सातला ड्यूटीवर असते. हातकणंगल्याहून निघायचं तर साडेचारला उठायचं. रात्रपाळी सुटली की त्या उसाच्या फडातनं एकटीनं चालत जायचं. पोरांची शाळा बदलायची. ह्यांना शिरोली जवळ पडेल हे खरं. पुरात त्यांना नदीही आडवी येणार न्हाई. पण माझ्या आणि पोरांच्या मधी ती येईल. नऊ लाखांच्या जागेवर घर बांधायला अजून दहा-बारा लागतील, तोवर सदर बाजारचं भाडं चालूच. स्वस्त कुठं पडतंय?”

फ्लॅटचा हिशेबही तिने काढला होता. सात लाख रोख, बारा-तेरा लाख कर्ज. वीस वर्षांचा हप्ता बारा हजारांच्या आसपास. आज भाडे सहा हजार जाते. म्हणजे सहा हजार जास्त काढायचे, वर मेंटेनन्स. ओढाताण आहे. पण दवाखाना पायी वीस मिनिटांवर.

जावई गप्प होता. शेवटी म्हणाला, “सगळं खरं. पण माती?”

मी सचिवांनी दिलेल्या कागदांची झेरॉक्स काढली. त्याला म्हटले, “हे वाच. याला म्हणतात कन्व्हेयन्स, अभिहस्तांतरण.” इमारत बांधली बिल्डरने, जमीन मूळ मालकाची. फ्लॅट विकले गेले म्हणून जमीन आपोआप सोसायटीची होत नाही. १९६३ च्या मालकी फ्लॅट कायद्याप्रमाणे बिल्डरने सोसायटी स्थापन करून तिच्या नावे जमीन आणि इमारत करून द्यायची असते. पुष्कळ ठिकाणी तो ते करतच नाही. लोक वीस वीस वर्षे हप्ते फेडतात आणि खालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर राहते. त्यावर २००८ साली उपाय आला. बिल्डर टाळत असेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळवायचे. या बारा बिऱ्हाडांनी ते करून घेतले होते. मिळकत पत्रिकेवर सोसायटीचे नाव होते. जावयाने ते नाव दोनदा वाचले. मी म्हणालो, “बापू, इमारत उद्या पाडून नवी बांधली तरी त्या जमिनीत तुझा बारावा हिस्सा आहे. फ्लॅट हवेत टांगलेला असतो तो कन्व्हेयन्स नसलेला. हा जमिनीवर उभा आहे.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मग हिच्या नावावर घ्या.” भाचीने चमकून वर बघितले. त्याला कुणीतरी कारखान्यात सांगितले होते की राहते घर एकट्या बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. १९ लाखांवर ती १९ हजार होते. पण त्याचा आवाज नुसत्या १९ हजारांचा नव्हता. दागिने तिचे गेले होते, हे तो विसरला नव्हता.

वाचकहो, फ्लॅट चांगला आणि घर वाईट असे सांगायला मी हे लिहिले नाही. मी स्वतः घरात राहतो आणि याच कडुनिंबाखाली मरणार आहे. बिनशेती झालेला, मंजूर रेखांकनातला, रस्ता आणि नळ असलेला प्लॉट रजिस्टर खरेदीखताने मिळत असेल आणि कामाची जागा जवळ असेल, तर घरासारखे सुख नाही. गरजूंसाठी रमाई आवास योजनाही आहे. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी आहे. पण घर बांधायला जागा तुमच्या नावावर पाहिजे, म्हणजे गोष्ट पुन्हा कागदावरच येते.

आणि फ्लॅट म्हटला की सगळे सुरळीत असेही नाही. नवी इमारत असेल तर ती महारेराकडे नोंदलेली आहे का ते बघा. रेरा आपल्याकडे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. नोंदलेल्या करारावाचून बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि बांधकामातला दोष ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत निघाला तर त्याने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेले बांधकाम या नोंदणीतून सुटते. आपल्याकडे गल्लोगल्ली अशाच लहान इमारती आहेत, तिथे डोळे जास्त उघडे ठेवा. जुना फ्लॅट असेल तर आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि कन्व्हेयन्स बघा. गच्चीवर जाऊन गळती बघा. जागा असेल तर सातबारा, फेरफार, इतर हक्क, बिनशेती आदेश बघा. ओळखीच्या वकिलाला चार पैसे देऊन मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगा. मी तेवढे पैसे वाचवले आणि पंधरा वर्षे गमावली.

आपण मुहूर्त बघत नाही, वास्तू बघत नाही. चांगले आहे. पण मुहूर्त सोडला त्या जागी कागद वाचायची सवय आली पाहिजे. दरवाजाचे तोंड कुठल्या दिशेला आहे याने काही बिघडत नाही. दरवाजाखालची जमीन कुणाच्या नावावर आहे याने सगळे बिघडते किंवा सुधारते.

रात्रीच्या गाडीला त्यांना सोडायला गेलो. दिवसभर गप्प असलेला जावई फलाटावर म्हणाला, “मामा, गॅलरी लहान हाय, पण एक कुंडी बसंल. तुमच्या कडुनिंबाचं रोप द्या.” मी म्हटले, कडुनिंब कुंडीत फार दिवस राहत नाही, त्याला जमीन लागते. तेव्हा भाची डब्याच्या दारातून म्हणाली, “न्हवं मामा, खाली कंपाउंडला लावायचं. ती जागा आता आमची पण हाय की.”

गाडी हलली. वहीतले ते पान तिने फाडून माझ्या हातात दिले होते. दिव्याखाली बघितले. दोन्ही रकाने भरलेले होते, आणि मधल्या रेघेवर सगळ्यात खाली तिने एकच ओळ लिहिली होती. ‘आधी कागद, मग इसार.’